पाचशे एमबीची पेटी

आमच्या घरात नेट किती लागतं, हे आम्हाला तोपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. लाईन टाकायला आलेल्या माणसानं वही काढून विचारलं, किती एमबीची टाकू? आमच्या ह्यांनी क्षणभरही विचार केला नाही. भिंतीपलीकडच्या घराकडे हनुवटी उडवून त्यालाच उलटं विचारलं, की तिकडे किती आहे. पलीकडची लाईन दुसऱ्या कंपनीची, पण ह्या लोकांना गावातल्या घराघराची खबर असते. तो म्हणाला, शंभर. हे म्हणाले, मग आम्हाला दोनशे.

मी आत भाकरी थापत हे ऐकत होते. एमबी म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं आणि ह्यांनाही नव्हतं, ते मी छातीठोकपणे सांगते. पण ह्यांच्या घराण्यात खरेदी अशीच होते. पलीकडे घरच्या बोअरला तीन एचपीची मोटार आली की आमच्याकडे पाचची. पलीकडे गच्चीवर एक टाकी बसली की आमच्या गच्चीवर दोन. त्यातली दुसरी आजतागायत कोरडी आहे, तिच्यात कबुतरं राहतात.

पलीकडे राहतात ते माझे चुलत सासरे, मामंजींचे सख्खे धाकटे भाऊ. मामंजी म्हणजे माझे सासरे. दोघे भाऊ चौदा वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण विहिरीच्या पाण्यावरून. एका विहिरीवर दोन घरं शेती करतात तिथं भांडण होतंच, त्यात नवल काही नाही. पण हे दोघे एकाच भिंतीला टेकून बसायचे, एक अलीकडून आणि एक पलीकडून, आणि खोकला आला तरी दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर उपरणं धरायचे. आम्हा बायकांचं मात्र सगळं चालू होतं. चुलत सासूबाई आणि मी भिंतीवरून विरजण द्यायचो, कढीपत्ता घ्यायचो आणि दोन्ही घरच्या पुरुषांची निंदा करायचो. पुरुषांना हे माहीत होतं. त्यांनी माहीत नसल्यासारखं वागायचं आणि आम्ही लपवल्यासारखं करायचं, असं आपोआप ठरून गेलं होतं.

आम्ही पुण्याजवळच्या चांद्याचे. शेजारी आयटीवाल्यांचं गाव वाढत वाढत आमच्या बांधापर्यंत आलं, शेत बरंचसं गेलं, आणि माडीवर आम्ही दोन खोल्या भाड्यानं द्यायला काढल्या. एकीत लखनौकडचा एक चाळिशीचा गृहस्थ राहतो. दुसरीत नागपूरकडची मुलगी. ती घरी बसूनच कंपनीचं काम करते, म्हणून तर ही लाईन. तोपर्यंत आमचं सगळं मोबाईलच्या रेंजवर भागत होतं.

मी तर त्याहून कमीत भागवलेली बाई आहे. माझं माहेर ताम्हिणीला. घाटात भावाचा ढाबा आहे. तिथं रेंज हवी तर ढाब्यामागच्या एका दगडावर उभं राहावं लागतं, आणि पावसाळ्यात त्या दगडावर उभं राहिलं तर रेंज येण्याआधी माणूस खाली जातो. म्हणून भावाचं आणि माझं सगळं बोलणं मिस्ड कॉलवर. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे आई बरी आहे. तीन म्हणजे उचल, काहीतरी झालंय. वर्षानुवर्षं आम्ही एवढ्यावर काढली. एकदा तीन रिंगा वाजल्या, मी उचलला तर पलीकडे नुसती खरखर. रडत रडत एसटी पकडून पौडवरून ताम्हिणीला गेले. भाऊ फोनवर बसला होता. म्हणजे खरोखर बसला होता, बाकड्यावर, फोन खाली. मी त्याला इतकं बोलले की गिऱ्हाइकं चहा सोडून गाडीत जाऊन बसली.

तर दोनशेची लाईन आली. आता पेटीचं सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्या पेटीचा.

सामाईक विहिरीला मोटार एकच असते आणि पाण्याच्या पाळ्या लावलेल्या असतात. दोन दिवस ह्या भावाचं पाणी, दोन दिवस त्या भावाचं. मोटारीचा स्टार्टर एका लोखंडी पेटीत ठेवतात आणि पेटीला कुलूप घालतात. नाहीतर ज्याची पाळी नाही तो हळूच येऊन बटण दाबतो आणि दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी स्वतःच्या वाफ्यात घेतो. आमच्या विहिरीच्या पेटीची किल्ली तीस वर्षं मामंजींच्या करदोड्याला होती. शेत गेलं, विहीर बुजवली, तेव्हा मामंजींनी ती पेटी उखडून घरी आणली आणि पडवीच्या भिंतीत पक्की ठोकली. आत काही नव्हतं. तरी कुलूप होतं. वर कवटीचं चित्र आणि लाल अक्षरांत "धोका".

लाईनवाला राउटर पडवीतल्या खुंटीवर टांगून गेला. त्याची गाडी कोपऱ्यावरून वळली नसेल तोच मामंजींनी राउटर उतरवला, पेटीच्या खालच्या भोकातून वायरी आत घेतल्या, राउटर आत ठेवला आणि कुलूप घातलं.

"एवढी किमतीची मोटार," ते म्हणाले, "उघड्यावर ठिवत्यात व्हय कुणी?"

राउटरला ते शेवटपर्यंत मोटारच म्हणत. मला वाटलं, बरंच झालं, उंदीर वायरी कुरतडणार नाहीत. आता वाचणाऱ्याला कळलंच असेल की लोखंडी पेटीत राउटर कोंडला तर काय होतं. आम्हाला कळायला चार महिने लागले. घरात दहावी झालेली माणसं तीन होती, आणि वर माडीवर दोन इंजिनियर.

इंजिनियरांचा दोष नाही. पेटीवर कवटी होती. त्यांना वाटायचं आत विजेचं काहीतरी आहे, म्हणून दोघं पडवीतून जाताना त्या भिंतीपासून हातभर लांबून जायची.

लाईन चालायची, नाही असं नाही. पेटीच्या फटीतून जेवढी बाहेर येईल तेवढी चालायची. खाली पडवीत बऱ्यापैकी, स्वयंपाकघरात थोडी, माडीवर आली तर आली. आठवड्याभरात नागपूरची मुलगी जिन्यातून डोकावून म्हणाली, "काकू, नेट चालून नाही राहिलं." लखनौचा गृहस्थही कुरकुरला. रोज सकाळी तो मोबाईल तूरडाळीच्या डब्याला टेकवून आईला व्हिडिओवर घेतो आणि ती माउली तिकडून त्याचा स्वयंपाक बघत असते. कांदा जाड चिरला तर ओरडते. आता म्हणे ती अर्ध्यातच थिजायची, हात वर केलेला तसाच, आणि पुढचं ऐकू न आल्यामुळे त्याच्या भाजीत दोनदा मीठ पडलं.

मामंजींना दुखणं लगेच उमगलं. निदान त्यांना तसं वाटलं. सगळ्यांनी एकदम ओढलं की कुणालाच पुरत नाही, हे त्यांनी विहिरीवर हजारदा पाहिलं होतं. त्यांनी खडू घेतला आणि पडवीच्या भिंतीवर पाळ्या लिहिल्या. सकाळी सात ते नऊ लखनौ. नऊ ते बारा नागपूर. बारा ते दोन विश्रांती. दोन ते तीन सूनबाई. तीन ते सहा परत नागपूर. संध्याकाळी चिरंजीव, म्हणजे आमचे हे.

विश्रांती मोटारीला. राउटरला हात लावून पाहिला तर गरम लागला, म्हणून रोज दुपारी दोन तास ते तो बंद करून ठेवायचे आणि पेटीवर ओलं फडकं टाकायचे. पाळी नसेल त्यानं मोबाईलमधलं वायफाय बंद ठेवायचं. मामंजी घरभर फिरून विचारायचे, "बंद हाय न्हवं?" त्यांना मोबाईलवरची वायफायची खूण ओळखता येत नव्हती, पण माणसाचं तोंड ओळखता यायचं, आणि चोरी पकडायला तेवढं पुरतं. आमचे हे पहिल्याच आठवड्यात पकडले गेले. भर दुपारी न्हाणीघरात कडी लावून बैलगाड्यांच्या शर्यती बघत होते. आतून "भिर्रर्र" आलं. मामंजी दाराबाहेर उभेच. पन्नाशीचा माणूस, बाहेर आला तो कोरडाच, आणि दोन दिवस त्याची पाळी बंद झाली.

मी हसत होते, पण एक सांगते, मामंजी त्या चार महिन्यांत दहा वर्षांनी लहान झाले. विहीर बुजल्यापासून ते नुसते बसून असायचे. आता सकाळी साडेसहाला टोपी घालून पेटीपुढे हजर. लखनौचा गृहस्थ खाली येऊन, "दादाजी, आज आधा घंटा एक्स्ट्रा मिलेगा?" म्हणून विचारायचा आणि मामंजी भिंतीकडे बघून, दाढी खाजवून, मग द्यायचे.

पाळ्या लावूनही लाईन चालेना. मग लाईनवाल्याला बोलावणं. इथं मामंजींचा स्वभाव आडवा आला. तो माणूस येणार असला की ते आधीच राउटर पेटीतून काढायचे, मऊ फडक्यानं पुसायचे आणि पाटावर मांडून ठेवायचे. आपण वस्तू कशी जपतो ते त्याला दिसलं पाहिजे. तो यायचा, मोबाईल लावून स्पीड बघायचा आणि म्हणायचा, काका, पळतंय की झकास. आणि खरोखर पळत असायचं. तो चहा पिऊन गेला की राउटर पेटीत, पेटीला कुलूप, आणि वरून आवाज, काकू, गेलं.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला, मग तुम्हाला लाईनच मोठी लागत असेल. झालं. ह्यांनी तीनशेची घेतली. मी विरजण देताना हे चुलत सासूबाईंना बोलून गेले, त्यात माझीच चूक, आणि आठवड्यात पलीकडे चारशे झाली. मग आमची पाचशे. मग त्यांची सहाशे. तिकडे दोन म्हातारी माणसं, एक मोबाईल, आणि चुलत सासरे त्याच्यावर सकाळी भजन लावतात. सहाशे! मी चुलत सासूबाईंना म्हटलं, अहो, भजन किती जोरात पळवायचंय त्यांना? त्या म्हणाल्या, मला काय विचारतेस, मला अजून लावता येत नाही.

इकडे नागपूरच्या मुलीची दशा वाईट होत चालली होती. तिच्या कंपनीचं मोठं ऑफिस बंगळूरला. तिला घरून काम करायची परवानगी होती, पण अट एकच, मीटिंगला हजर दिसलं पाहिजे. आणि ही दर मीटिंगला थिजायची. तेही कशी, तर बोलताना तोंड उघडं असताना. साहेबांपुढे दहा-दहा मिनिटं जांभई दिल्यासारखा चेहरा. कुणीतरी त्याचा फोटो काढून ऑफिसभर फिरवला. मोबाईलच्या नेटवर करून पाहिलं, पण आमच्या माडीवर मोबाईलची रेंज एक काडी, तीही खिडकीबाहेर हात काढला तर. शेवटी साहेबांनी सांगितलं, सोमवारी अकरा वाजता मोठी मीटिंग आहे, तुझं काम तूच मांडायचंस. ह्यावेळी लाईन तुटली तर पुढच्या महिन्यापासून बंगळूरला येऊन बसायचं.

तिचं लग्न ठरलेलं. मुलगा पुण्यात नोकरीला, दिवाळीनंतर मुहूर्त. ती बंगळूरला गेली तर त्याचं काय, घराचं काय, आणि मुलाकडची मंडळी आधीच म्हणत होती की नोकरी जवळ असेल तरच. पोर माझ्या स्वयंपाकघरात बसून हे सांगत होती आणि लसूण सोलत होती. मला मुलगी नाही. दोन वर्षं ती रोज संध्याकाळी खाली येऊन माझ्याजवळ बसते, माझ्या हातचं खाते आणि नागपुरी तिखट घालून त्याची वाट लावते. ती जाणार म्हटल्यावर माझा जीव खालीवर झाला, आणि माझा जीव खालीवर झाला की मला राग येतो. रडू येत नाही, रागच येतो.

शनिवारी दुपारी वर गेले तर तिनं खोकी आणून ठेवलेली. पुस्तकं भरत होती. म्हणाली, काकू, सोमवारी काय होणार ते ठाऊकच आहे.

मी खाली आले. स्वयंपाकघरातून वरवंटा उचलला. मामंजी पडवीत पेटीवरचं ओलं फडकं काढत होते, विश्रांती संपवून मोटार त्यांनी नुकतीच चालू केली होती. मी त्यांना म्हटलं, बाजूला व्हा. लग्न होऊन आल्यापासून मी मामंजींना असं कधी बोलले नव्हते. ते बाजूला झाले. तीन घावांत कुलूप तुटलं. तो राउटर उपटून उकिरड्यावर टाकायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दार उघडलं, आत हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि मी वायर ओढणार इतक्यात वरून आवाज आला, काकू, काय केलं तुम्ही? आलं.

मी दार लावलं. गेलं, ती म्हणाली. उघडलं. आलं. लावलं. गेलं. आमचे हे धावत आले, त्यांनी स्वतः लावून पाहिलं. गेलं. लखनौचा गृहस्थ जिन्यात येऊन उभा राहिला, त्यालाही एकदा लावून बघायचं होतं. गेलं. पंधरा-वीस वेळा आम्ही ते दार उघडलं आणि लावलं असेल. चार मोठी माणसं, एक पेटी.

मुलगी खाली आली. पेटी बघितली, कवटी बघितली, आणि भिंतीला टेकून खाली बसली. हसत होती की रडत होती कोण जाणे. मामंजी तिच्यासमोर उभे राहून समजावायला लागले, की उघडं ठेवलं तर कुणीही कधीही चालू करेल, ज्याच्यात्याच्या वाट्याचं राहणार नाही. ती म्हणाली, "करू द्या ना, आजोबा. सगळ्यांनी एकदम लावलं तरी पुरतं. संपत नाही ते."

मामंजींचा विश्वास बसला नाही. न संपणारी वस्तू त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. संध्याकाळपर्यंत ते पायरीवर बसून होते. रविवारी सकाळी उठून बघते तर पेटीचं दारच त्यांनी बिजागरीतून काढून ठेवलेलं, राउटर पेटीच्या वर, खाली माझ्या हातचा भरतकामाचा रुमाल. खडूच्या पाळ्याही पुसलेल्या. मामंजी टोपी न घालता नुसते बसलेले. पण पोरीचा चेहरा दिवसभर हसरा होता, तिनं खोक्यातली पुस्तकं परत काढली.

सोमवारी सव्वादहाला लाईन गेली. रस्त्याच्या कडेला पाइप टाकायला जेसीबी आला होता, त्यानं आमच्या बाजूची वायर उचलून तिचे दोन तुकडे केले. लाईनवाला फोनवर म्हणाला, संध्याकाळपर्यंत जोडतो. आळीतले सगळे घरून काम करणारे एकदम मोबाईलच्या नेटवर गेले आणि ती खिडकीबाहेरची एक काडीही गेली. हे म्हणाले, गाडीवर बसव, कुठंतरी नेतो. पण त्या रस्त्याला सकाळी गाडी घातली की दुपारी निघते. मुलगी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. ओठ पांढरे झालेले.

पलीकडची लाईन चालू होती. पलीकडच्यांशी नातं नको म्हणून आमच्या ह्यांनी मुद्दाम वेगळ्या कंपनीची घेतली होती, आणि त्यांची मागच्या गल्लीतून आलेली. मी म्हटलं, मी भिंतीवरून सासूबाईंना हळूच विचारते.

"नगं," मामंजी म्हणाले. "म्या जातो."

त्यांनी टोपी घातली, पोरीला म्हणाले, ऊठ, आणि चालू लागले. दोन्ही दारांत वीस पावलांचं अंतर असेल. मी मागं मागं गेले. मला राहवेना.

चुलत सासरे ओट्यावर बाजेवर बसले होते. भावाला अंगणात बघून त्यांनी मोबाईलवरचं भजन बंद केलं. चौदा वर्षांत मामंजींनी त्या अंगणात पाय ठेवला नव्हता. ते पायरीशी थांबले, टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "एक तास पायजे."

मूळ भांडण ते हेच. चौदा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात चुलत सासऱ्यांची पाण्याची पाळी होती आणि त्यांच्या दोन्ही दिवशी वीज आलीच नाही. टोमॅटोची रोपं नुकती लावलेली, एक पाणी मिळालं असतं तर तगली असती. तिसऱ्या दिवशी वीज आली तेव्हा पाळी आमची. ते पेटीपाशी येऊन मामंजींना म्हणाले, दादा, तुझ्यातला एक तास दे. मामंजींच्या हातात किल्ली होती. ते म्हणाले, पाळी म्हणजे पाळी. मी तेव्हा तिथंच बांधावर न्याहारीची पाटी घेऊन उभी होते. चार दिवसांत ती सगळी रोपं करपून गेली.

आता चुलत सासरे भावाकडे बघत राहिले. पोरगी लॅपटॉप छातीशी धरून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती, तिला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं.

"कुणाला पायजे?" त्यांनी विचारलं.

"ह्या पोरीला. नोकरी जाती तिची."

चुलत सासरे बाजेवरून उठले. "एक तास कशाला," ते तिला म्हणाले, "दिवसभर बस, बाय माझी." आणि आत आवाज दिला, मधल्या खोलीतला पंखा लावा, टेबलावरचं सगळं काढा. अकराला सात मिनिटं कमी होती.

ती आत गेली. चुलत सासूबाईंनी दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, मांजरालाही आत जाऊ देईनात. बाहेर ओट्यावर दोघे भाऊ बाजेच्या दोन टोकांना बसले. आतून पोरीचा इंग्रजी आवाज येत होता, सलग, कुठंही न तुटता. मामंजी मान खाली घालून तो असे ऐकत होते की जणू त्यांना त्यातलं सगळं कळत होतं. आमचे हे आणि लखनौचा गृहस्थ अंगणाच्या दाराशी येऊन थांबले. कुणाला आत यायचा धीर होईना.

तासाला पाच मिनिटं कमी असताना दार उघडलं. पोरीचं तोंड बघूनच कळलं. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली, इथूनच काम कर म्हणाले. ती आधी मामंजींच्या पाया पडली, मग चुलत सासऱ्यांच्या, मग माझ्या गळ्यात पडून रडली. त्या दिवशी मला राग आला नाही. मीही मनसोक्त रडले.

"किती लागलं गं?" चुलत सासऱ्यांनी विचारलं. सहाशेतलं किती खर्ची पडलं ते त्यांना बघायचं होतं.

तिनं डोळे पुसत लॅपटॉपवर बघितलं. "तीन, आजोबा."

"तीनशे?"

"नाही हो. तीन. नुसतं तीन."

आमचे हे हळूच मागं सरकून दाराआड गेले, ते मी पाहिलं. मामंजींनी भावाकडे बघितलं.

"माझ्याकडं पाचशे हाय," ते म्हणाले.

"ठावं हाय मला. म्हणून तर म्या सहाशे घेतली."

आणि चुलत सासरे हसायला लागले. पोट धरून, खोकत, आणि ह्यावेळी तोंडावर उपरणं न धरता. मामंजींनाही हसू फुटलं. दोघांचे दात मिळून चार-पाच असतील, ते सगळे दिसले. हसता हसता मामंजी मध्येच थांबले. बाजेचा सुंभ बोटानं ओढत राहिले.

"त्या साली तुला एक तास द्यायला पायजे हुता म्या," ते म्हणाले.

चुलत सासऱ्यांचं हसू ओसरलं. त्यांनी भावाच्या मांडीवर हात ठेवला.

"एका तासानं काय झालं असतं, दादा. लई ऊन हुतं तवा. रोपं तशीबी जळणारच हुती."

ते खोटं होतं. एक तास मोटार चालली असती तर तेवढं वावर भिजून वर पाणी उरलं असतं. हे त्यांना ठाऊक होतं, मामंजींना ठाऊक होतं, आणि बांधावर उभ्या असलेल्या मलाही. मामंजींनी मान हलवली आणि मांडीवरचा तो हात दोन्ही हातांनी धरून ठेवला. जेवायची वेळ होत आली होती. मी घरी जाऊन मामंजींचं ताट वाढलं आणि तिकडेच घेऊन गेले.